पाण्याखालचं प्रात्यक्षिक

फेजमामांचं खरं नाव गावात फक्त पोस्टमनला माहीत होतं, आणि तोही पाकीट हातात देऊन झाल्यावर "चला फेजमामा, येतो" असंच म्हणायचा. मामा इलेक्ट्रिशियन. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका दाराचं दुकान होतं. आत जळक्या मोटारींचा ढीग, वर लोंबणाऱ्या वायरींची वेटोळी, आणि मधोमध स्टुलावर मामा. लोक खिशाला पेन लावतात, मामा टेस्टर लावायचे. कुठंही गेले की दिसेल त्या प्लगात तो खुपसून बघायचे आणि निकाल द्यायचे : "फेज आहे." नाहीतर, "फेज नाही." पुढे ही खोड माणसांपर्यंत पोचली. बँकेत नवे साहेब आले, लोकांनी विचारलं, "कसे वाटले?" मामा म्हणाले, "बटण चकचकीत आहे, फेज नाही." साहेब चार महिन्यांत बदलून गेले आणि मामांचं नाव कायमचं पडलं.

मामा तसे गरीब स्वभावाचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण विजेच्या बाबतीत त्यांना थाप चालत नसे. "माणसाला फसवलंत तर माणूस रुसतो," ते म्हणायचे, "विजेला रुसायला वेळ नसतो. ती थेट उचलते." तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या घरी कच्चा जोड ठेवला नाही, की चालणाऱ्या पंख्याला बिघडलेला म्हटलं नाही. त्यामुळे दुकान वाढलं नाही, पण मामांना झोप चांगली लागायची.

अशा माणसाच्या नशिबात प्रात्यक्षिक आलं.

किनाऱ्यापासून दोन मैलांवर दोन बेटं होती आणि त्यांच्या मधून भरतीचं पाणी असं सुसाट जायचं, की कोळी त्याला 'घाईचं पाणी' म्हणत. त्या पाण्याच्या तळाशी एक यंत्र बसवायचं, पाण्याच्या जोरावर त्याची पाती फिरवायची आणि वीज काढायची, असं वर कुठंतरी ठरलं. हा अजून पुरता प्रकल्प नव्हता, प्रात्यक्षिक प्रकल्प होता. म्हणजे आधी करून दाखवायचं, मग करायचं. एके दिवशी तराफ्यावरून ते यंत्र आलं, क्रेनने अलगद पाण्यात सोडलं, बुडबुडे आले आणि गेले. बंदरावर जमलेली माणसं आणखी अर्धा तास थांबली आणि घरी गेली.

पहिली अडचण त्याच दिवशी लक्षात आली. प्रात्यक्षिक होतं, पण दिसत काहीच नव्हतं.

ही अडचण सोडवायला व्यवस्थापक साहेब आले. त्यांनी आधी मधमाशीपालनाचं प्रात्यक्षिक चालवलं होतं, त्याच्याही आधी बिनधुराच्या चुलीचं. त्यांना मधमाशी कळत नव्हती, चूल कळत नव्हती आणि समुद्राशी तर त्यांची ओळखच नव्हती. पण प्रात्यक्षिक कळत होतं. त्यांनी बंदराजवळ एक दालन उभं केलं. भिंतीवर नकाशे लावले, काचेच्या टाकीत यंत्राची प्रतिकृती बसवली, आणि मधोमध खांबावर माणसाच्या डोक्याएवढा जुन्या धाटणीचा बल्ब लावला. त्याची तार आत पिवळीधमक पेटलेली लांबूनही दिसायची. खाली पितळी पाटी : 'हा दिवा समुद्राच्या विजेवर चालतो.'

दिव्याची देखभाल करायला गावातला माणूस हवा होता. मामांना कंत्राट मिळालं.

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "मामा, दिवा नगरपालिकेच्या लाइनीवर घ्या."

मामांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पण पाटीवर समुद्र लिहिलंय."

"तात्पुरतं हो. समुद्राची वीज मागच्या खोलीपर्यंत आलीय. खोलीतून दालनात आणायला चौदा सह्या लागतात. सात झाल्यात."

"आणि तोपर्यंत ती वीज जाते कुठं?"

साहेबांनी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीइतकी लोखंडी जाळी होती, तापून लालसर झालेली. वापरायला जागा नाही म्हणून समुद्राची सगळी वीज त्या जाळीत जाळून टाकत होते. समोर दोरी बांधली होती आणि तिच्यावर पहारेकऱ्याचे मोजे, दोन बनियन आणि साहेबांचा टॉवेल वाळत होता.

मामा बराच वेळ त्या मोज्यांकडे बघत राहिले. दोन मैल लांबून, समुद्राच्या तळावरून, बोटभर जाड केबलमधून वीज आली होती आणि तिनं दोन मोजे वाळवले होते. पण साहेब पाठीवर हात ठेवून "मामा, मामा" करत होते आणि तात्पुरतं म्हणत होते. मामांनी दिवा नगरपालिकेच्या लाइनीवर घेतला. काम संपलं तसं साहेबांच्या तोंडचं 'मामा' गेलं आणि 'अहो कंत्राटदार' सुरू झालं. कामापुरता मामा म्हणतात तो हाच, हे मामांना पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आठ महिने गेले. सह्या नवावर अडल्या. दालनात सहली यायच्या, मुलं दिव्याभोवती गोळा व्हायची, "ओऽऽ" करायची. मामा कोपऱ्यात उभे राहून फ्यूजच्या डबीशी काहीतरी करत बसायचे. तिच्यात काही करण्यासारखं नसायचं.

मग एका दुपारी मामी आल्या. मामी घरी शिवणाचा क्लास चालवायच्या आणि आठ विद्यार्थिनींना घेऊन त्या नवऱ्याचं काम दाखवायला आल्या होत्या. दिव्याखाली सगळ्याजणी माना वर करून उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने सहज विचारलं, "काका, हा खरंच समुद्रावर चालतो?"

"हो," मामा म्हणाले.

मामी मुलींना घेऊन परत गेल्या. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी मामांचं ताट वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

"मघाशी ती पोरगी विचारत होती, तेव्हा तुम्ही टेस्टर काढून उगाच पुसत होतात."

"धूळ बसली होती."

"आपल्या लग्नाला एकतीस वर्षं झाली," मामी म्हणाल्या. "तुम्ही दागिने केले नाहीत, कुठं फिरायला नेलं नाहीत, मी कधी चकार शब्द काढला नाही. म्हटलं, माणसाला खोटं बोलता येत नाही, एवढं पुष्कळ झालं. आता तेही यायला लागलं वाटतं."

मामांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते इंजिनिअरबाईंकडे गेले. प्रकल्पात यंत्राबद्दल खरोखर काही समजणारी ही एकटीच. वय जेमतेम तीस. आठवड्यातून दोनदा मामांच्या मेव्हण्याच्या होडीतून बेटांकडे जायची, केबल तपासायची आणि येताना उलट्या करत यायची; पण जायचं थांबवायची नाही.

"बाई, दिवा खऱ्या विजेवर घेता येईल का?"

"घेता येईल की. जाळीच्या आधी एक टोक काढलेलं आहे, छोटा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं. पण मामा, समुद्राची वीज एकसारखी नसते. पाणी वळताना थांबतं तेव्हा पाती थांबतात. बॅटरी मागितली होती, मंजूर झाली नाही. दिवा कमी-जास्त होईल. मधूनच जाईल."

"जाऊ दे. खरा जाईल ना?"

बाई हसल्या. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मला कागदावर काही सांगता येणार नाही. पण मी आता चहा प्यायला चाललेय आणि मला चहाला अर्धा तास लागतो."

"मला वीस मिनिटं पुरतील," मामा म्हणाले.

त्या दिवसापासून दिवा जिवंत झाला. भरती चढायला लागली की आधी तार अंगारासारखी लालसर व्हायची, मग नारिंगी, मग पिवळीधमक. पाणी मंदावलं की तसाच एकेक पायरी उतरत विझायचा. पाऊणएक तास काळोख, की पुन्हा लाली धरायचा. दिवसातून चार वेळा हे चालायचं, आणि रोज कालच्यापेक्षा पाऊणएक तास उशिरा. उधाणाच्या दिवसांत डोळे दिपायचे. भांगाच्या दिवसांत, पाण्याला जोर नसला की, दिवा पेंगुळल्यासारखा मिणमिणायचा. मामा त्याच्याकडे बघत बसायचे. तीस वर्षं त्यांनी दिवे लावले होते, पण दिव्याला स्वभाव असतो हे पहिल्यांदाच बघत होते.

मेव्हणा खिडकीतून डोकावला आणि थक्क झाला. "दाजी, ही बत्ती गेली की घाईचं पाणी उभं राहिलं म्हणायचं की! आम्हाला तिकडे जाऊन बघावं लागायचं." आठवडाभरात बंदरावरची बाकीची माणसंही येता-जाता त्या खिडकीत नजर टाकायला लागली. बत्ती मावळायला आली की कुणीतरी हाक द्यायचा आणि दोन-तीन होड्या सुटायच्या. कारण त्या चिंचोळ्या पाण्यातून होडी काढायची तर ती पाणी उभं असतानाच. आठ महिन्यांत त्या दालनाचा गावाला झालेला हा पहिला उपयोग, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नव्हती.

रजिस्टरात नोंदी वेगळ्याच होत्या. अभिप्रायाच्या वहीत पाहुणे लिहायला लागले : 'दिवा नादुरुस्त आहे.' 'दिवा मधूनच जातो, लक्ष द्यावे.' एका मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'मागच्या वर्षी आलो होतो तेव्हा समुद्राची वीज अधिक चांगली होती.'

साहेबांनी वही मामांच्या पुढ्यात आपटली. "हे काय आहे, कंत्राटदार?"

"साहेब, दिवा समुद्रावर घेतला."

"कुणाला विचारून?"

"पाटी वाचून."

साहेबांनी वही मिटली. मग ते एकदम खाली आले, आवाजात मध घालून. "मामा, ऐका. गुरुवारी अकरा वाजता पाहणी समिती येतेय. सात माणसं. दिवा गेला तर प्रात्यक्षिक गेलं. परत लाइनीवर घ्या. समिती गेली की हवं तर समुद्रावर घ्या, नाहीतर चंद्रावर घ्या."

मामांनी खिशातून भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद काढला; महिनाभर दिवा बघून मेव्हण्याने तो मांडून दिला होता. "गुरुवारी पावणेअकरापासून साडेअकरापर्यंत पाणी उभं आहे. साहेब, बारा वाजता बोलवा ना त्यांना. दिवा असा लागेल, की टोपी काढतील."

"समितीची वेळ बदलत नसते."

"भरतीचीही बदलत नाही," मामा म्हणाले. "आणि मी जोड बदलणार नाही."

साहेबांनी शेजारच्या गावातून दुसरा इलेक्ट्रिशियन आणला. त्याला पाटी वाचायची सवय नव्हती. बुधवारी दुपारी दिवा पुन्हा नगरपालिकेचा झाला.

मामांनी घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. मामी ब्लाउजला काज करत होत्या; धागा दाताने तोडून म्हणाल्या, "उद्या जाणार ना?"

"जाऊन करू काय? शोभेला उभा राहू?"

"कंत्राट आहे तोवर जायचं. आणि कुणी विचारलं तर टेस्टर पुसत बसायचं नाही."

गुरुवारी समिती वेळेवर आली, हा पहिला अपशकुन. सात माणसं, सात फायली. साहेबांनी टाकी दाखवली, नकाशे दाखवले, मग हात उंच करून दिवा दाखवला. दिवा सूर्यासारखा तळपत होता. सहाजणांनी मान डोलावली. सातवे एक वयस्कर गृहस्थ होते, जन्मभर समुद्राचे नकाशे काढून निवृत्त झालेले, कानाला यंत्र लावलेले. ते दिव्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीतून पाण्याकडे आणि मग हातातल्या घड्याळाकडे बघत होते.

"या वेळी बेटांमधलं पाणी तर उभं असायला हवं," ते म्हणाले. "मग दिवा कशावर चाललाय?"

"साठवलेली वीज, सर," साहेब म्हणाले.

"वा. बॅटरी कुठं आहे?"

साहेबांनी इंजिनिअरबाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं. मग साहेबांची नजर फिरत फिरत कोपऱ्यात फ्यूजच्या डबीशी उभ्या असलेल्या मामांवर येऊन थांबली. त्या नजरेत 'मामा' होतं, अगदी गळ्यात पडून.

मामांचा हात खिशाकडे गेला, टेस्टरला लागला आणि परत खाली आला. "सर, हा दिवा नगरपालिकेचा आहे," ते म्हणाले. "कालपासून. त्याआधी महिनाभर समुद्राचा होता. म्हणाल तर आत्ता परत लावून देतो. पण लावला की तो विझेल, कारण पाणी उभं आहे. अर्धा तास थांबावं लागेल."

अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे या दालनासाठी पंचवीसच मिनिटं आहेत."

"मी थांबतो," म्हातारे गृहस्थ म्हणाले आणि खुर्ची ओढून दिव्यासमोर बसले. ते बसल्यावर बाकीच्यांना उभं राहणं बरं दिसेना. साहेबांनी चहा मागवला.

मामा स्टुलावर चढले. मागच्या खोलीतली तार आणून जोडली, नगरपालिकेची सोडवली. दिवा गेला. सात मोठी माणसं विझलेल्या बल्बासमोर अर्धवर्तुळात बसली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी फाइल. एकाने विचारलं, "हे रोज असं होतं?" मामा म्हणाले, "चार वेळा." त्याने ते लिहून घेतलं. चहा आला, गार झाला. साहेब रुमालाने मान पुसत होते. मागच्या खोलीतून पहारेकरी घाईघाईने दोरीवरचे मोजे काढून बाहेर गेला, ते सगळ्यांनी बघितलं आणि कुणी विचारलं नाही.

अकरा तीसला काही झालं नाही. अकरा पस्तीसला काही झालं नाही. मामा फ्यूजच्या डबीपाशी जाऊन परत आले. केबलला काही झालं असेल तर? यंत्र अडकलं असेल तर? उभ्या आयुष्यात त्यांनी लावलेल्या दिव्यांत हा एकच असा होता, जो लागेल की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं.

अकरा अडतीसला म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, "आली."

आधी कुणाला दिसलं नाही. मग तारेचं एक टोक निखाऱ्यासारखं लाल झालं. लाली सरकत गेली. दिवा श्वास घेतल्यासारखा उजळत चालला. समोर बसलेल्यांच्या चष्म्यांत लहान लहान पिवळे ठिपके उमटले. अध्यक्षांच्या हातातली बिस्किटाची बशी तशीच तिरकी राहिली आणि बिस्किट मांडीवर पडलं, ते त्यांना कळलं नाही. दोन मैल लांब, कुणाला न दिसणारं पाणी नुकतंच वळलं होतं, आणि ते वळल्याची बातमी इथं या खोलीत पोचली होती.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. पोटातून आलेलं 'वा' होतं ते. इंजिनिअरबाई तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. मामांना वाटलं, झालं. आता काही म्हणा.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याचं त्यात चार ठिकाणी म्हटलं होतं. व्यवस्थापकांनी समितीला 'एक अविस्मरणीय अनुभव' दिल्याबद्दल त्यांचं अभिनंदन होतं आणि त्यांची बढती होऊन ते वाळवंटातल्या कसल्याशा प्रात्यक्षिकावर गेले. दिव्याबद्दल एकच वाक्य होतं : 'पाहणीच्या वेळी दिवा सुमारे अर्धा तास बंद आढळला, देखभालीतील हलगर्जीपणाबद्दल संबंधित कंत्राटदारावर कारवाई व्हावी.' नकाशेवाल्या गृहस्थांनी याला लेखी हरकत घेतली होती. ती परिशिष्टात होती, आणि परिशिष्ट पाहणाऱ्याला वेगळं मागवावं लागायचं.

मामांना नोटीस आली. त्यांनी ती मामींना वाचून दाखवली.

"आता लेखी उत्तर द्यायचंय," ते म्हणाले. "काय लिहू?"

"खरं लिहा. सवय आहे."

मामांनी लिहिलं : 'दिवा बंद होता हे खरे आहे. समुद्र थांबला होता.' खाली सही केली. कंत्राट गेलं.

प्रात्यक्षिक यशस्वी झाल्यामुळे पुढच्या वर्षी ते बंद करण्यात आलं. जे करून दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं. करायचं कुणाच्या फायलीत नव्हतं. क्रेन आली, यंत्र वर काढलं. त्याच्यावर शिंपले धरले होते, पण पाती हाताने ढकलली तरी गरगर फिरत होती. ते भंगारात निघालं. दालनाला कुलूप लागलं. मेव्हणा आणि बाकीचे कोळी पुन्हा आधीसारखे घाईच्या पाण्यावर जाऊन अंदाज घ्यायला लागले, आणि खिडकीसमोरून जाताना त्यांच्या माना मात्र सवयीने वळायच्या.

मामा दुकानात बसले. मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, दिवस जात होते. गावाने त्यांची थोडी चेष्टा केली. "काय मामा, समुद्राला नोटीस बजावली की नाही?" मामाही हसायचे. पण मामींना कळत होतं, की माणूस दुपारी स्टुलावर बसून भरतीच्या वेळांचा कागद वाचतो.

मग एके सकाळी इंजिनिअरबाईंचा फोन आला. त्यांनी नोकरी सोडली होती. लांबच्या एका बेटावर मच्छीमारांची सोसायटी होती. तिथे विजेची लाइन पोचत नव्हती आणि किनाऱ्यावरून आणलेला बर्फ वाटेतच निम्मा वितळायचा. बाईंच्या सांगण्यावरून सोसायटीने ते भंगारातलं यंत्र उचललं होतं.

"दिवा नाही लावायचा, मामा. बर्फ करायचाय. पाणी धावेल तेव्हा बर्फ धरेल, पाणी थांबेल तेव्हा बर्फ थांबेल. पाऊण तासात तो काही कुठं पळून जात नाही. जोडणीला माणूस हवाय."

मामांनी फोनवर हात ठेवून मामींकडे बघितलं. मामी आधीच पिशवी काढून तिच्यात त्यांचे शर्ट भरत होत्या.

"पंधरा दिवसांचं काम आहे म्हणतायत," मामा म्हणाले.

"तुमचे पंधरा दिवस मला माहीत आहेत. स्वेटर घेतलाय."

पाच महिने लागले. एक मोटार जळली, दोनदा केबल तुटली, एकदा मामा धक्क्यावरून पाण्यात पडले आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांना शर्टाला धरून बाहेर काढलं. शेवटी मामीही जाऊन राहिल्या. म्हणाल्या, काज-बटणं कुठंही करता येतात. पहिली लादी निघाली ती एका बाजूने फुगलेली, मधे हवेची भोकं. बायका-माणसं भोवती जमली. मामींनी तिच्यावर तळवा टेकवला आणि लगेच ओढून घेतला. "अगं बाई, पोळलं!" त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले.

इंजिनिअरबाईंनी वही काढली. "मामा, समितीला कळवायचं का?"

"नको," मामा म्हणाले. "ते येईपर्यंत उन्हात ठेवलेली लादी वितळेल, आणि हलगर्जीपणा म्हणून लिहून नेतील."

मग त्यांनी ती लादी दोघांच्या मदतीने उचलून लाकडाच्या भुशात पुरली. तासाभरात पहिली होडी येणार होती.